पोकलेनच्या आधी पुरातत्त्ववाला: चीनमधले महामार्ग आणि जमिनीखालचा वारसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी चीनमधल्या महामार्गांचा अभ्यास करताय आणि दोन उलटसुलट गोष्टी कानावर आल्यात. कुणी म्हणतं, तिकडे वेगापुढे कशाचीच पर्वा नसते, सापडलं ते सगळं भरावाखाली जातं. कुणी म्हणतं, एक मडकं निघालं तरी काम बंद पडतं. यातलं खरं काय?

मी रस्त्यांच्या कामावर बरीच वर्षं काढली, त्यातली काही पर्यावरण आणि वारसा सांभाळण्याच्या बाजूला, त्यामुळे हा विषय मला फार जवळचा आहे. या दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट धरूनच चाललेली आहे, की वारशाचा प्रश्न खोदाई सुरू झाल्यावर उभा राहतो. चीनमध्ये जिथे काम नीट झालं तिथे हा प्रश्न अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची आखणी, कागदावर असतानाच हाताळला गेला आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरलेले होते. जिथे बिघडलं तिथे तो थेट पोकलेनच्या बकेटमध्ये आला. तुमच्या प्रकल्पात हा क्रम पकडलात तर बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

आधी कायदा, कारण त्याच्याशिवाय ठेकेदाराला कुणी हलवू शकत नाही. चीनचा सांस्कृतिक अवशेष संरक्षण कायदा १९८२ सालचा. २००२ साली तो मोठ्या प्रमाणावर सुधारला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा नव्याने मंजूर होऊन १ मार्च २०२५ पासून लागू झाला. मोठं बांधकाम हाती घेण्याआधी प्रकल्प करणाऱ्याने प्रांताच्या सांस्कृतिक वारसा खात्याकडे जायचं, आणि जिथे अवशेष असू शकतात तिथे खात्याने आधी पाहणी करून घ्यायची, ही तरतूद २००२ च्या कायद्यातच आहे. या पाहणीचा, चाचपणीचा आणि उत्खननाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरायचा, हेही तिथेच लिहिलंय. माझ्या मते सगळ्यात वजनदार कलम हेच. पैसे पुरातत्त्व खात्याने आणायचे म्हटलं की काम अडतं. पैसे डांबर-खडीसारखे अंदाजपत्रकात असले की सुपरवायझरसुद्धा ते काम आपलंच समजून उरकतो.

काम चालू असताना अचानक काही सापडलं तर? जागा आहे तशी राखायची आणि ताबडतोब कळवायचं. विशेष अडचण नसेल तर खात्याच्या माणसांनी २४ तासांत जागेवर पोचायचं आणि ७ दिवसांत काय करायचं ते सांगायचं. आपल्याकडच्या कुठल्याही साइट इंजिनिअरला या आकड्यांचं मोल लगेच कळेल. मशिनरी उभी राहिली की भाडं चढतं, आणि किती दिवस उभी राहणार हे माहीत नसलं की माणसं सापडलेलं लपवतात. मुदत ठरलेली असली की लपवण्याचा मोह कमी होतो.

आता प्रत्यक्ष काम. उत्तर चीनच्या वाऱ्याने साचलेल्या पिवळ्या मातीच्या (लोएस) प्रदेशात चाचपणीचं मुख्य हत्यार म्हणजे लुओयांग फावडं. नाव फावडं असलं तरी ती अर्ध्या नळीच्या आकाराची लोखंडी पाती असते, लांब दांड्याला बसवलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुओयांग परिसरातले थडगी फोडणारे चोर ते वापरत. पुढे पुरातत्त्ववाल्यांनी ते उचललं. पाती सरळ खाली मारायची, वर काढायची आणि आत अडकलेली माती वाचायची. अस्पर्श माती एकरंगी, एकजीव असते. खड्डा खणून पुन्हा बुजवलेला असेल तर वेगवेगळ्या थरांची माती मिसळून ठिपकेदार निघते. तिथे खाली थडगं असण्याची शक्यता मोठी. थरावर थर ठोकून घट्ट केलेली माती लागली तर भिंत किंवा इमारतीचा पाया. राख आणि कोळसा लागला तर वस्ती. अनुभवी कामगार नुसत्या हाताला लागणाऱ्या दणक्यावरून सांगतो की खाली काय आहे. ठरावीक अंतरावर अशी भोकं घेत रस्त्याचा पट्टा पुढे जातो, नकाशावर खुणा पडतात, आणि जिथे दाट खुणा असतात तिथे मग पाच बाय पाच मीटरचे चौकोन आखून उत्खनन होतं. दोन चौकोनांमध्ये मातीची भिंत राखतात, म्हणजे थर उभ्या छेदात दिसत राहतात. उत्खननाला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा प्रशासनाची मंजुरी लागते, आणि ते करणाऱ्या संस्थेकडे रीतसर मान्यता असावी लागते. बहुतेक वेळा ती प्रांताची पुरातत्त्व संस्था असते.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हेनान प्रांतातल्या आनयांगचं. शांग राजवंशाची शेवटची राजधानी, यिनश्यू, इथली. १९९१ साली शहरातून यिनश्यूकडे जाणारा रस्ता करायचा होता, म्हणून आधी चाचपणी झाली, आणि हुआयुआनझुआंग गावाच्या पूर्वेला एका खड्ड्याचा पत्ता लागला. त्या खड्ड्यातून कौल लावण्यासाठी वापरलेली १,५८३ कासवाची कवचं आणि हाडं निघाली, त्यातल्या ६८९ वर कोरलेला मजकूर होता. त्यांचं मोल संख्येपेक्षा मजकुरात आहे. कौल सहसा राजाच्या नावाने लावलेले असत. इथले कौल राजघराण्यातल्याच पण राजा नसलेल्या एका बड्या माणसाचे आहेत. त्याचं आजारपण, त्याच्या शिकारी, पूर्वजांना द्यायचे बळी, सगळं त्यात आहे. सवातीन हजार वर्षांपूर्वीचं एक घर बोलायला लागतं. चाचपणी न होता तिथे पोकलेन लागलं असतं, तर ही कवचं खडीत मिसळून गेली असती आणि ती गेल्याचं कुणाला कळलंही नसतं.

दुसरं उदाहरण शिआनजवळचं. शियानयांग विमानतळाकडे जाणारा रस्ता बांधायच्या वेळी, १९९० साली, हान सम्राट जिंगच्या समाधीच्या, म्हणजे यांगलिंगच्या, दक्षिणेला मातीच्या मूर्तींनी भरलेले खड्डे सापडले. हा सम्राट इ.स.पू. १५७ ते १४१ गादीवर होता. तिथल्या मूर्ती माणसाच्या साधारण एक तृतीयांश उंचीच्या, उघड्या आणि बिनहातांच्या. हात लाकडाचे होते, अंगावर खरे कपडे होते, दोन्ही कुजून गेले. खांद्यात लाकडी हात बसवायची भोकं तेवढी राहिली. पुढे त्याच समाधीच्या परिसरात, टेकाडाजवळच्या खड्ड्यांवर जमिनीखालचं संग्रहालय झालं, ते २००६ मध्ये उघडलं. बुटांवर कापडी पिशव्या चढवून काचेवरून चालायचं आणि पायांखाली खड्डे बघायचे. काचेच्या आतली हवा आणि दमटपणा वेगळा राखलेला, बघणारे वेगळ्या हवेत. मातीत जपलेली वस्तू उघड्यावर आली की तिचा ऱ्हास तिथून सुरू होतो, म्हणून हा खटाटोप. शिआन परिसरात गेलात तर मातीच्या सैनिकांच्या (टेराकोटा आर्मी) प्रसिद्ध खड्ड्यांइतकाच वेळ इथे द्या, असं मी आग्रहाने सांगेन.

हे झालं खोदून वाचवण्याचं. कधी कधी रस्ताच हलवावा लागतो, आणि तो निर्णय पैशाने फार महाग पडतो.

शानशी प्रांतात दातोंगजवळ युनगांगची लेणी आहेत, पाचव्या शतकातली, हजारो बुद्धमूर्ती कोरलेली. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. पण दातोंग हा कोळशाचा मुलूख, आणि राष्ट्रीय महामार्ग १०९ लेण्यांच्या अगदी समोरून जायचा. रोज हजारो कोळशाचे ट्रक. धूळ मूर्तींच्या आडव्या भागांवर, खांद्यांवर, मांड्यांवर साठायची, दमटपणा आणि धुरातल्या गंधकाशी मिळून वाळूखडकाला खायची. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या गेट्टी संरक्षण संस्थेसोबत तिथे धुळीचा अभ्यासही झाला. शेवटी १९९८ मध्ये महामार्गच वळवायचं काम हाती घेतलं, आणि २००१ साली लेणी जागतिक वारसा यादीत गेली. अजिंठ्याला आपण खासगी गाड्या फर्दापूरला थांबवून पुढे बस चालवतो, त्यामागचा विचार हाच. इथे फक्त पर्यटकांच्या गाड्यांऐवजी एक अख्खा कोळशाचा मार्ग हलवायचा होता.

झेजियांगमधल्या लिआंगझूची गोष्ट आणखी बोलकी आहे. राष्ट्रीय महामार्ग १०४ तिथल्या मोजिआओशान नावाच्या टेकाडावरून जायचा. १९८७ साली रुंदीकरण करताना कापलेल्या कडेला भाजलेल्या मातीचे थर दिसले. पुढच्या उत्खननांतून उलगडलं की सुमारे तीस हेक्टरांचं हे टेकाड माणसांनी भर घालून रचलेला महालाचा चौथरा आहे, जवळपास पाच हजार वर्षांपूर्वीचा. त्याभोवतीची नगराची तटबंदी २००७ मध्ये ओळखली गेली. महामार्ग दक्षिणेकडे वळवला गेला, आणि २०१९ मध्ये लिआंगझू जागतिक वारसा झालं. म्हणजे इथे रस्त्यानेच शहराचा पत्ता दिला आणि मग शहरासाठी रस्त्याने जागा सोडली. पण मधल्या काळात त्या चौथऱ्यावरून जड वाहनं धावत होती, आणि रस्त्यासाठी कापला गेलेला भाग परत येणार नाही.

चीनच्या भिंतीसाठी तर १ डिसेंबर २००६ पासून वेगळे नियम आहेत, आणि इंजिनिअरने ते वाचावेत असे स्वच्छ आहेत. बांधकामाने भिंतीला वळसा घालायचा. वळसा शक्य नसेल तर खालून भुयारी मार्ग. तेही शक्य नसेल तर वरून पूल. भिंत पाडायची नाही, फोडून आरपार जायचं नाही, उचलून दुसरीकडे न्यायची नाही. पर्यायांचा क्रम इतका उघड लिहिलेला असला की डिझाइनच्या टेबलावर वाद उरत नाही.

आता दुसरी बाजूही मोकळेपणाने सांगतो, कारण तुमच्या प्रकल्पात ती आलीच पाहिजे. २००७ ते २०११ या काळात चीनने स्थावर वारशाची तिसरी राष्ट्रीय पाहणी केली. साडेसात लाखांहून जास्त स्थळं नोंदली गेली, आणि आधीच्या नोंदीतली सुमारे ४४ हजार नाहीशी झालेली आढळली. त्यातली बरीच बांधकामांनी गिळली. चीनचा पहिला द्रुतगती मार्ग, शांघाय-जियादिंग, १९८८ चा. आज हे जाळं पावणेदोन लाख किलोमीटरांच्या पुढे आहे. इतक्या वेगाने सगळीकडे माती नीट वाचली गेली असेल, असं मी मानत नाही. २००२ च्या कायद्यात संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय बांधकाम केल्याबद्दल दंड होता ५० हजार ते ५ लाख युआन. महामार्गाच्या ठेकेदाराला त्याचं काय वाटणार? २०२४ च्या दुरुस्तीत दंड वाढवले, ते योग्यच झालं. आणि कायदा कितीही चांगला असो, २०२३ मध्ये शानशीतल्या योउयू तालुक्यात दोघांनी जवळचा रस्ता हवा म्हणून मशीन लावून चीनच्या भिंतीच्या अवशेषात खिंडार पाडलंच.

आणखी एक अडचण आहे, जिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. महामार्गाचं उत्खनन पट्ट्यापुरतं होतं. दफनभूमीचा अर्धा भाग संपादित जागेत, अर्धा शेजारच्या शेतात. खणला जातो तो पहिलाच. वर, उत्खनन करणाऱ्या संस्थेचा खर्च प्रकल्पाकडूनच येतो आणि प्रकल्पाला घाई असते. उत्खनन मुदतीत उरकतं, अहवाल मागे रेंगाळतो. अहवाल छापला गेला नाही तर जागा गेली आणि माहितीही गेली.

माझा रोख मात्र बॉरो एरियाकडे, म्हणजे भरावासाठी माती खणून आणतात त्या जागांकडे, आहे. मुख्य अलाइनमेंटची पाहणी सगळे करतात. पण भरावाची माती आणतात कुठून, काढलेला मलबा टाकतात कुठे, कॅम्प, क्रशर, डंपरचे तात्पुरते रस्ते कुठे जातात, हे बहुतेक वेळा ठेकेदार काम मिळाल्यावर ठरवतो, म्हणजे वारशाची पाहणी होऊन गेल्यावर. आणि सपाट मुलखात मातीसाठी पहिल्यांदा नजर जाते ती उंचवट्यावर. आपल्याकडे गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडाची माती शेतात वाहून नेतात, तसाच हा मोह. जुनी वस्ती नेमकी तिथेच असते.

“भराव टाकून खाली जपून ठेवलं” असं कुठे वाचलंत तर तेही तपासा. अवशेषांवर जिओटेक्स्टाइल (मातीत अंथरायचं कृत्रिम कापड) आणि वाळूचा थर देऊन वर भराव करतात, पण कंप देणारा रोलर फिरला की खालची मडकी, हाडं, कच्च्या भिंती दबतात, आणि भरावाच्या ओझ्याने मातीतला ओलावा बदलतो. रोलर कंपनाशिवाय चालवला का, थराची जाडी किती होती, हे विचारा. शक्य असेल तिथे त्या जागेवरून छोटा पूल नेणं जास्त बरं, फक्त खांबांच्या जागा आधी खणून घ्याव्या लागतात.

आपल्याकडच्या कायद्याशी तुलना करायची झाली तर जपून करा. २०१० च्या दुरुस्तीनंतर भारतात संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे. पण ते जाहीर झालेल्या स्मारकांपुरतं. अजून कुणाला माहीत नसलेल्या अवशेषांसाठी खोदाईच्या आधी चाचपणी करून घेण्याची जी सक्ती चिनी कायद्यात आहे, ती त्या १००-२०० मीटरच्या नियमात नाही. तुलना तिथे मांडा.

प्रकल्पासाठी जागतिक बँकेच्या कर्जाने झालेला चीनमधला एखादा महामार्ग निवडलात तर सोयीचं होईल. बँकेचे वारशाबद्दलचे स्वतःचे नियम आहेत आणि त्या प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल जाहीर असतात. वाचताना अचानक सापडणाऱ्या अवशेषांबद्दलचं कलम मूळ करारात आहे की नुसतं परिशिष्टात, ते बघा. आणि बॉरो एरियाची यादी वारसा पाहणीच्या आधीच्या तारखेची आहे की नंतरच्या, तेही तपासा.