नववीतच शाळा सुटली, आता काय?

प्रश्न: ताई, माझा भाचा १५ वर्षांचा, नववीत नापास झाला आणि आता दिवसभर गॅरेजमध्ये असतो, शाळेचं नाव काढलं की चिडतो. बहीण म्हणते संपलं याचं शिक्षण. खरंच काही मार्ग नाही का हो?

उत्तर: अहो संपलं कसलं! एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, त्यातनं दहावी मराठीतून पण देता येते, वय १४ पूर्ण हवं, आणि नोंदणी ५ वर्षं चालते, तेवढ्यात ९ वेळा परीक्षेला बसता येतं, म्हणजे एकदम पाचही विषय नकोत, दोन आत्ता दोन नंतर, पास झालेला विषय परत द्यायचा नाही. गणित सक्तीचं नाही, पण सोडू देऊ नका, कारण आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला दहावीत गणित-विज्ञान लागतं, आणि पोराचा हात तर त्यातच चालतोय ना. राज्य बोर्डाचा १७ नंबर फॉर्मही आहे, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी, फक्त तारखा सांभाळा. शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा. गॅरंटी पास वाल्या एजंटला (असतातच कोपऱ्याकोपऱ्यावर) एक रुपया देऊ नका. आणि गॅरेज लगेच बंद करू नका, मालकाशी बोलून दुपारचे दोन तास सोडवून घ्या.