गणितातल्या ‘निष्काळजी’ चुका: मुलीला नेमके काय सांगावे

तुमची मुलगी पुण्यातल्या सेमी-इंग्रजी शाळेत दहावीत आहे. तिला सगळ्या रीती येतात, तरीही पूर्वपरीक्षेत बीजगणिताच्या ४० गुणांपैकी सहा-सात गुण चिन्ह चुकणे, आकडा चुकीचा उतरवणे अशा कारणांनी गेले, आणि ‘लक्ष देऊन सोडव’ असे वारंवार सांगूनही फरक पडत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. मी बरीच वर्षे पुण्यात दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवत आहे आणि अशी तक्रार जवळपास प्रत्येक पालकसभेत ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘लक्ष दे’ या सूचनेचा उपयोग होत नाही, कारण चूक होते त्या क्षणीही आपण लक्ष देत आहोत असेच मुलीला वाटत असते. शिवाय या सर्व चुकांना ‘निष्काळजीपणा’ असे एकच नाव दिले, की तो तिचा स्वभावदोष ठरतो आणि पुढे काय करायचे हे तिलाही कळत नाही आणि तुम्हालाही. प्रत्यक्षात प्रत्येक चुकीची एक ठरावीक जागा असते आणि ती शोधता येते. पूर्वपरीक्षेची आणि त्याआधीच्या दोन-तीन चाचण्यांची उत्तरपत्रिका समोर घेऊन, गुण गेलेल्या प्रत्येक उदाहरणात पहिली चुकलेली ओळ कोणती, हे मुलीने स्वतः शोधावे आणि त्या ओळीत नेमके काय घडले ते एका वहीत एका वाक्यात लिहावे. ‘चिन्ह चुकले’ एवढे पुरेसे नाही; ‘उणे संख्येची किंमत घालताना कंस केला नाही’ असे लिहावे. माझा अनुभव असा, की एका मुलाच्या बहुतेक चुका दोन-तीन प्रकारांतच बसतात, आणि ते प्रकार कळले की अर्धे काम झालेले असते. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणखी एक प्रश्नसंच आणण्यापेक्षा हे काम आधी करावे, कारण नवी प्रश्नपत्रिका सोडवताना जुन्या चुका फक्त पुन्हा होत राहतात.

सर्वांत जास्त गुण जातात ते चिन्हांत, म्हणून त्याचे एक उदाहरण पूर्ण पाहू. समीकरण आहे २क्ष² − ५क्ष − ३ = ०. (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ या सूत्राने सोडवताना मुले मनातल्या मनात किंमती घालतात आणि विवेचक, म्हणजे वर्गमुळाखालचा ब² − ४अक हा भाग, २५ − २४ = १ असा लिहून मोकळी होतात. यावर उपाय असा, की आधी अ = २, ब = −५, क = −३ ही ओळ स्वतंत्र लिहावी आणि पुढच्या ओळीत प्रत्येक किंमत, धन असो वा ऋण, कंसासकट घालावी: (−५)² − ४ × (२) × (−३). आता शेवटच्या पदात दोन उणे चिन्हे डोळ्यांना दिसतात आणि २५ + २४ = ४९ हे आपोआप येते. वर्गमूळ ७, म्हणून मुळे ३ आणि −१/२. ही जास्तीची ओळ लिहायला काही सेकंद लागतात. बोर्डाच्या परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, त्यामुळे त्या ओळीचा तसाही फायदाच होतो.

आता ताळा. मुळांची बेरीज −ब/अ, म्हणजे ५/२ आली पाहिजे आणि गुणाकार क/अ, म्हणजे −३/२ आला पाहिजे. हे दोन्ही ताळे करावेत असा माझा आग्रह असतो आणि त्याला कारण आहे. विवेचक चुकून १ घेतला, तर मुळे ३/२ आणि १ येतात. त्यांची बेरीज ५/२ अगदी बरोबर आहे, कारण बेरजेत वर्गमुळाचा अधिक-उणे भाग उडूनच जातो. चूक उघडी पडते ती गुणाकारात, जो ३/२ येतो. उलट विवेचक बरोबर काढला, पण सूत्राच्या सुरुवातीचे उणे चिन्ह विसरून ५ ऐवजी −५ घेतले, तर मुळे १/२ आणि −३ येतात. त्यांचा गुणाकार −३/२ बरोबर निघतो आणि चूक फक्त बेरजेत दिसते. कोणता ताळा कोणती चूक पकडतो हे ज्या मुलांना ठाऊक असते, ती ताळा मनापासून करतात; इतर मुले तो उपचार म्हणून करतात.

‘मी दोनदा तपासले, तरी चूक राहिली’ असे मुले सांगतात ते बहुधा खरेच असते. त्यांनी आपल्याच ओळींवरून पुन्हा नजर फिरवलेली असते, आणि ज्या समजुतीने चूक लिहिली गेली त्याच समजुतीने ती वाचलीही जाते. विल्यम शँक्स या इंग्रज गणितीने हाताने आकडेमोड करून १८७३ मध्ये पायची किंमत ७०७ दशांश स्थळांपर्यंत प्रसिद्ध केली होती, पण ५२८व्या स्थळापासून पुढचे आकडे चुकलेले होते. ही चूक लक्षात आली १९४० च्या दशकात, आणि ती डी. एफ. फर्ग्युसन यांनी वेगळे सूत्र वापरून तीच किंमत काढली तेव्हा. म्हणून पडताळा शक्यतो दुसऱ्या वाटेने करावा. दोन चलांतील समीकरणे निश्चयकाने, म्हणजे सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांच्या रीतीने, सोडवली असतील, तर आलेल्या किंमती मूळच्या दोन्ही समीकरणांत घालून पाहाव्यात, आणि तेही प्रश्नपत्रिकेतल्या समीकरणांत, कारण वहीत उतरवतानाच सहगुणक बदलला असेल तर वहीतले समीकरण ती चूक लपवून ठेवते.

गुणाकारासाठी आजी-आजोबांच्या पिढीला माहीत असलेला नवाचा ताळा मुलीला जरूर शिकवावा. सांख्यिकीच्या प्रकरणात त्याचा फार उपयोग होतो. ३४७ × २८ = ९७१६ घेऊ. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत केली, तर ३४७ चे ५ आणि २८ चा १ येतो. त्यांचा गुणाकार ५, आणि ९७१६ चेही ५. मात्र आकड्यांची अदलाबदल होऊन ९१७६ लिहिले गेले, तरी अंकांची बेरीज तीच राहते आणि नवाच्या ताळ्याला काहीच कळत नाही. तिथे अंदाज कामी येतो: ३५० × २८ = ९८००, त्यामुळे उत्तर त्याहून थोडेसेच कमी हवे आणि ९१७६ फारच खाली आहे.

उतरवण्याच्या चुका बऱ्याच अंशी अक्षरांच्या आणि कच्च्या कामाच्या असतात. सेमी-इंग्रजीच्या मुलांच्या वहीत बी हे अक्षर आणि सहाचा आकडा, तसेच झेड आणि दोनचा आकडा एकसारखे दिसतात. मराठीत लिहिणाऱ्यांचे १ आणि ९ असेच घोटाळा करतात. कच्चे काम शेवटच्या पानावर वाटेल तसे न करता त्याच पानाच्या उजवीकडे रेघ मारून, प्रश्नाचा क्रमांक घालून करावे. पाने उलटताना आकडा बदलण्याचे प्रकार त्याने खूप कमी होतात.

अंकगणिती श्रेढीत, म्हणजे सारख्या फरकाने येणाऱ्या संख्यांच्या रांगेत, एकने चुकणे हा वेगळाच आजार आहे. पाचने भाग जाणाऱ्या तीन अंकी संख्या किती, याचे उत्तर कित्येक जण ९९५ − १०० = ८९५, भागिले ५, म्हणून १७९ असे लिहितात. १०, १५, २० एवढ्याच संख्या घेऊन तीच रीत वापरली, तर उत्तर २ येते आणि संख्या तर डोळ्यांसमोर तीन आहेत. म्हणजे एक मिळवायला हवा आणि खरे उत्तर १८०. सूत्राबद्दल शंका आली की असे छोटे उदाहरण करून पाहण्याची सवय तिला जन्मभर उपयोगी पडेल.

प्रश्न वाचण्याच्या चुकांवर उपाय साधा आहे: काय काढायचे आहे, त्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारावी. १८ टक्के जीएसटीसह किंमत ११८० रुपये दिली असताना मुले ११८० चे १८ टक्के काढून २१२.४० रुपये कर लिहितात. ‘सह’ या शब्दाखाली रेघ असेल, तर करपात्र किंमत १००० आणि कर १८० हे सुचते. बहुपर्यायी प्रश्नांत याचे महत्त्व अधिक, कारण नेहमीच्या चुकीतून येणारे उत्तर बहुधा पर्यायांत दिलेलेच असते, आणि पुढच्या वर्षी ती सीईटीची तयारी सुरू करेल तेव्हा पायऱ्यांचे गुणही नसतील.

सरावाबद्दल एवढेच, की घरी तिला दोन तासांचा पेपर पावणेदोन तासांत संपवायला लावावा, पण हात घाईने चालवून नव्हे. आधी पूर्ण येणारी उदाहरणे सोडवावीत आणि अडले की जागा सोडून पुढे जावे. उरलेली पंधरा मिनिटे पहिल्या पानापासून सगळे वाचण्यात घालवू नयेत. तिच्या वहीत ज्या दोन-तीन प्रकारच्या चुका सापडल्या असतील, त्या जिथे होऊ शकतात तेवढ्याच ओळी पाहाव्यात आणि मग ताळे करावेत. ताळा जुळला नाही आणि चुकलेली ओळ सापडली, तरच आधीचे उत्तर एका रेघेने खोडून नवे लिहावे; ओळ सापडत नसेल तर आधीचे काम तसेच ठेवावे, कारण बरोबर असलेल्या पायऱ्यांचे गुण त्यात शाबूत असतात.