अंडं न खाता बी-१२ वाढेल का?

प्रश्न : माझं वय ५४, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. सहा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे, थायरॉइडची गोळीही घेते. मागच्या महिन्यातले रिपोर्ट : एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४, हिमोग्लोबिन १०.२, बी-१२ जीवनसत्त्व १६८. तळपायांना मुंग्या येतात, रात्री पायावर चादरही नकोशी होते. सध्या मी मेडिकलमधून आणलेली रक्तवाढीची लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेते आहे. डॉक्टर म्हणाले, अंडं सुरू करा. आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंच्या काळापासून अंडं आलेलं नाही आणि मलाही ते जमणार नाही. मी खाते तरी किती! सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची नाहीतर गिलक्याची भाजी, पातळ वरण आणि थोडा भात. चारला चहाबरोबर सेव-परमल (मुरमुरे). रात्री पुन्हा पोळी-भाजी. सोमवार, चतुर्थी, एकादशीला उपास, तेव्हा साबुदाण्याची खिचडी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागतं. शाकाहार न सोडता हे सगळं सुधारेल का? आणि वजन का उतरत नाही?
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताई, सुधारेल. अंडं खायची गरज नाही. पण वजनाचं नंतर बोलू, आधी तुमच्या पायांच्या मुंग्या.

माझ्या आईला अशाच मुंग्या यायच्या. रामबागेतल्या घरी रोज संध्याकाळी मी तिच्या तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने घासायची. ‘वाताचं आहे, वयाचं आहे’ असं सगळेच म्हणायचे, मीही म्हणायची. त्यात दोन वर्षं गेली. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ ८८ निघालं. इंजेक्शनांनी थकवा गेला, जिभेची आग थांबली, पण पायांतला तोल पूर्ण परतला नाही. शेवटपर्यंत ती भिंतीला हात लावत न्हाणीघरात जायची. नस फार दिवस उपाशी राहिली की तिचं नुकसान कायमचं होऊ शकतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि घरात मात्र ओळखलं नव्हतं. म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने सांगते आहे.

बी-१२ झाडपाल्यात तयार होत नाही, ते जिवाणू तयार करतात. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं. शंभर मिलिलिटर दुधात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम असतं आणि दिवसाची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅमची आहे. म्हणजे रोज अर्धा लिटर दूध-दही पोटात गेलं तर जेमतेम भागतं. तुमच्या पत्रात दूध फक्त चहापुरतं आहे. त्यात मेटफॉर्मिन, जे वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ चं शोषण कमी करतं. मोड आलेले मूग, इडलीचं आंबवलेलं पीठ, स्पिरुलिना हे शेवाळ यांची नावं तुम्हाला कुणी ना कुणी सुचवेल. ते पदार्थ खा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

१६८ ही कमी पातळी आणि सोबत मुंग्या, एवढ्यावर नुसत्या आहाराने भरून निघणार नाही. औषध लागेल. इंजेक्शन की रोजची गोळी, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारा, आणि याच आठवड्यात विचारा. औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या मदतीनेच बनवतात, त्यामुळे तुमच्या नेमाला बाधा नाही. फक्त कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून येतं, म्हणून ‘साधी गोळी द्या’ असं सांगा. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

तुमची ती रक्तवाढीची गोळीही डॉक्टरांना दाखवा. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांची हानी आतून चालूच राहते. थायरॉइडच्या गोळीपासून लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तास लांब हवी. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या-एक तासाने. आणखी एक : अन्नपूर्णेच्या देवळात दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरू नका. पायाला नीट जाणीव नसली की चटका कळत नाही. मोजे घालून जा आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघा.

आता वजन. तुमची उंची धरली तर बॉडी मास इंडेक्स २९ च्या वर जातो. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. टेपने कंबरही मोजा, बाईसाठी ८० सेंटिमीटरची मर्यादा आहे. ‘मी खाते तरी किती’ हे तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. ताटात पदार्थ थोडे आहेत, पण धान्यावर धान्य आहे. पोहे, पोळी, भात, परमल, साबुदाणा. डाळ कुठे आहे? पातळ वरणात मुळात दहा-बारा ग्रॅम डाळ असेल. तुमच्या बांध्याला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम प्रथिनं हवीत, मला ती ३०-३५ च्या घरात दिसतात. म्हणून चार वाजता भूक लागते आणि हात सेवेच्या डब्याकडे जातो. पन्नास ग्रॅम सेव म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. आणि पाच लिटर तेल चौघांत वाटलं तर माणशी रोज चाळीस मिलिलिटर, म्हणजे साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या! या महिन्यात तीन लिटरचीच खरेदी करा, पुढे अडीचवर या. तेल कमी करायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही, कारण फोडणीची पळी कुणी मोजत नाही.

पोहे सोडा असं मी इंदूरमध्ये राहून सांगणार नाही. वाफेवरच्या पोह्यांत तेल बेताचंच असतं, वजन वाढतं ते वरच्या सेवेने आणि शेजारच्या जिलेबीने. आठवड्यातून दोनदा पोहे घ्या, त्यांत मटार आणि शेंगदाणे घाला, लिंबू भरपूर पिळा, जिरावण मसाला भुरभुरवा आणि सोबत वाटीभर दही. चहा तासाभराने, नाहीतर लिंबाने शोषायला मदत केलेलं लोह चहा अडवतो. बाकी दिवशी मुगाच्या डाळीची धिरडी. दुपारी दोन पोळ्या आणि वरण असं घट्ट की वाटीत चमचा उभा राहील. माणशी तीस ग्रॅम कच्ची डाळ मोजून घ्या. चारला मूठभर भाजलेले चणे आणि ताक.

आपण माळव्यात राहतो, सोयाबीनची संशोधन संस्थासुद्धा आपल्याच गावात आहे, आणि घरात मात्र सोयाबीनचं फक्त तेल येतं. सोयाच्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचं असतं. वीस ग्रॅम वड्या कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मेथीच्या भाजीत टाका. दहा ग्रॅम प्रथिनं तिथेच मिळाली. त्या रात्रीच्या जेवणात घ्या, म्हणजे थायरॉइडच्या गोळीशी गाठ पडणार नाही.

उपास करा, पण साबुदाणा नको. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. त्यापेक्षा राजगिऱ्याची भाकरी आणि दही, किंवा वरईचा भात आणि दाण्याची आमटी. मेटफॉर्मिनबरोबर साखर उतरवणारी दुसरी गोळी कधी सुरू झाली तर उपासाआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

सहा महिन्यांत चार किलो उतरलं तरी साखरेत फरक दिसेल. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर चाला. तीन महिन्यांनी बी-१२ आणि एचबीए१सी पुन्हा बघून मला कळवा.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे, शाकाहारी, क्रिएटिनिन १.९. अशक्तपणासाठी डाळ आणि सोया वाढवू का? मीठ कमी करायला ‘लो सोडियम’ मीठ आणलं आहे.
(एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : दादा, वर ताईंना जे सांगितलं ते तुमच्या वडिलांसाठी नाही. क्रिएटिनिन १.९ ही मूत्रपिंड थकल्याची खूण आहे, आणि मूत्रपिंड थकलेलं असताना प्रथिनं किती द्यायची हे त्यांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघूनच ठरवायला हवं. पण ती मिठाची पिशवी आजच बाजूला ठेवा. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. अशा मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणं जमत नाही आणि रक्तात वाढलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवू शकतं. नेहमीचंच मीठ कमी घाला, लोणचं, पापड आणि सेव बंद करा, आणि पुढच्या तपासणीत पोटॅशियमही बघायला सांगा.