डच भाषेतल्या 'एल्फएनडेर्तख्स्त' या शब्दाचा अर्थ काय? ऑफिसच्या मेलमध्ये आला आहे, शब्दशः भाषांतर 'अकरा-आणि-तिसावं' असं होतंय.

तुमचा सहकारी वैतागलाय, एवढं नक्की. 'ऑप झाइन एल्फएनडेर्तख्स्त' म्हणजे काम रमतगमत, कूर्मगतीने चाललंय. साडेअकरा वाजण्याशी त्याचा काही संबंध नाही. साडेअकराला डच माणूस 'हाल्फ त्वाल्फ' म्हणतो, म्हणजे 'अर्धे बारा'. (यावरून भेटीची वेळ चुकवणारे कमी नाहीत!)

आता हे अकरा आणि तीस आले कुठून? डच लोक आपल्यासारखाच आधी एकक बोलतात. आपलं एक्केचाळीस, त्यांचं 'एक-आणि-चाळीस'. त्यामुळे 'अकरा-आणि-तीस' त्यांनाही विचित्रच वाटतं. आपण 'अकरातीस' म्हणावं तसं.

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातली माणसं छातीठोकपणे सांगतील की हे आमचंच. त्या प्रांताच्या जुन्या सभेत 11 शहरं आणि 30 ग्रामीण तालुके होते. प्रत्येक प्रतिनिधी आपापल्या लोकांना विचारणार, मग निर्णय होणार. सगळा कारभार आस्ते कदम. ही तीच 11 शहरं, ज्यांना जोडणारी जवळपास 200 किलोमीटरची बर्फावरची स्केटिंग शर्यत 1997 नंतर झालेलीच नाही, कारण कालवे पुरेसे गोठतच नाहीत.

गोष्ट झकास आहे, पण मला पटते ती दुसरी व्युत्पत्ती, विणकरांची. मागाच्या फणीतून ताण्याचे धागे ओवतात. 'अकरा-आणि-तीस' ही फणी 41 भागांची, दर भागात 100 धागे, म्हणजे एकूण 4100. इतकं तलम कापड विणायचं तर घाई करून कसं चालेल? आणि जुन्या डचमध्ये या वाक्प्रचाराचा अर्थ 'संथ' नव्हताच. 'अगदी नीटनेटकं, व्यवस्थित' असा होता. नीट काम करणारा वेळ घेतो, तेव्हा कौतुकाचं टोमण्यात रूपांतर व्हायला कितीसा वेळ लागणार? फ्रीसलंडच्या गोष्टीत या जुन्या अर्थाला जागाच नाही. तरी वाद मिटलेला नाही, दोन्ही व्युत्पत्त्या आजही सांगितल्या जातात.

तुम्ही मात्र मेलला उत्तर देताना जुना अर्थ काढून 'धन्यवाद' म्हणू नका. काम कधी पूर्ण होईल ती तारीख कळवा. आणि साहेबांच्या कामाबद्दल हा शब्द वापरायचा मोह आवरा, तो टोमणाच आहे.