जुन्या मेकॅनिकल पेन्सिलीवरचं स्टिकर काढावं का?

इंदूरच्या खजुरी बाजारात न वापरलेली जुनी जपानी मेकॅनिकल पेन्सिल हाती लागली, तर स्टिकरला लगेच नख लावू नका. लेडची जाडी, मॉडेल नंबर, येनमधली किंमत असलेलं कंपनीचं स्टिकर राहू द्याच. पेन्सिल कोरी असल्याचा तो चांगला पुरावा. शिवाय काळही कळतो: ४९ ने सुरू होणारा बारकोड असेल तर ते स्टिकर १९७८ च्या आधीचं नाही, कारण जपानात ही पद्धत तेव्हाच आली.

दुकानदाराने डकवलेली कागदी चिठ्ठी मात्र खुशाल काढा. हेअर ड्रायर मंद ठेवून वीतभर अंतरावरून २०-३० सेकंद ऊब द्या, मग कोपरा उचलून मागे दुमडत, बॅरलला (पेन्सिलीच्या नळीला) जवळजवळ चिकटून हळू ओढा. सरळ वर ओढलं की कागद फाटतो आणि गोंद तसाच राहतो. त्यावर खोबरेल तेलाचा थेंब, १० मिनिटांनी सुती कापड. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, अ‍ॅसिटोनने प्लास्टिक विरघळतं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला तर स्पिरिटनेही बारीक तडे जातात.

स्टिकरच्या कडा उन्हाळ्यात सुटल्या तरी वरून सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडते. पेन्सिल पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीतून तेलकट द्रव्य सुटतं आणि गोंद चिकट होऊन स्टिकर सरकतं.