पाच बादल्या दूध

प्रश्न : आमच्या वाचनालयात ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ कादंबरीवर (1945) चर्चा ठेवली आहे. नेपोलियन डुक्कर नेमका कुठून बदलतो, सांगा जी.
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : कुत्रे अंगावर सोडून तो प्रतिस्पर्धी डुकराला, स्नोबॉलला, हाकलतो तिथून, असं बहुतेक जण म्हणतील. फार उशीर झाला तो! जनावरांनी मालकाला हाकलून केलेल्या बंडानंतरची पहिलीच धार : पाच बादल्या दूध, आणि नेपोलियन त्यांच्यापुढे आडवा उभा. जनावरं गवत कापून परततात तोवर दूध गायब. पुढं नऊ पिल्लं ‘शिक्षणासाठी’ माळ्यावर जातात. तेच हे कुत्रे.

चर्चेसाठी वहीत डावीकडं जनावरांनी बंडानंतर स्वतःसाठी ठरवलेल्या सात आज्ञा लिहा, उजवीकडं बदललेल्या. पलंगावर न झोपण्याची सहाव्या प्रकरणात बदलते, हत्या न करण्याची आणि दारू न पिण्याची आठव्यात. प्रत्येकीत एकदोनच शब्द वाढतात. ग्रामसभेचा ठराव मागाहून ‘दुरुस्त’ व्हावा तसे.