पर्ल खरंच वाचता येत नाही का?

पर्ल आणि पायथन या दोन प्रोग्रामिंगच्या भाषा. धुळ्याला शिकताना तुम्हाला सगळे सांगतात, ‘पर्लचा कोड लिहिणाऱ्यालाही परत वाचता येत नाही, पायथनच शीक.’ यात तथ्य किती, असा तुमचा प्रश्न आहे.

तथ्य आहे, पण अर्धंच. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल आणली तेव्हापासून तिचा स्वभावच असा, की एक काम करायच्या अनेक वाटा असाव्यात. पायथन याच्या उलट. उघड वाट शक्यतो एकच हवी, आणि इंडेंट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा, चुकली तर प्रोग्राम चालत नाही किंवा चुकीचा चालतो. त्यामुळे पाच जणांनी लिहिलेलं पायथन बरंचसं सारखं दिसतं. पर्लमध्ये मात्र डॉलर-अंडरस्कोर ($_) हे व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवायचं नाव, न लिहिताही काम करतं. या ओळीत नेमकं कशावर काम चाललंय, हे वाचणाऱ्याने स्वतःच लक्षात ठेवायचं.

पण भाऊ, खरी अडचण वेगळीच असते. मी जळगाव भागातल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, हिशेबाच्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) सांभाळतो. कापूस क्विंटलने घेतात, गाठ साधारण १७० किलोची बांधतात आणि रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर ठरतो. एका हिशेबात तीन मापं! आता पायथनमध्ये इंडेंट अगदी नीट ठेवून कोणी ‘वजन भागिले १७०’ लिहिलं, तर ते वजन कापसाचं की रुईचं? किलोत की क्विंटलमध्ये? काहीच कळत नाही. तेच पर्लमध्ये ‘रुई_किलो भागिले किलो_प्रति_गाठ’ असं लिहिलं, तर नवा मुलगाही न विचारता पुढे वाचत जातो. म्हणून व्हेरिएबलच्या नावातच माप घाला आणि १७०, ३५६ असे आकडे फाइलच्या सुरुवातीला एकदाच, नाव देऊन लिहा. माझ्या मते वाचनीयतेतला सगळ्यात मोठा वाटा याचाच आहे.

कॉमेंटचंही, म्हणजे कोडमध्ये माणसासाठी लिहिलेल्या टिपेचंही, तसंच. ‘इथे भाव कमी केला’ हे कोडवरून दिसतंच. ‘ओलावा ८ टक्क्यांच्या वर असल्याने कपात’ असं लिहा, कारण ते कोडमध्ये कुठेच दिसत नाही.

पर्लमध्येही शिस्त आणता येते. ‘यूज स्ट्रिक्ट’ ही ओळ कायम लावा, म्हणजे जाहीर न केलेलं व्हेरिएबल वापरलं की पर्ल अडवते, आणि रेग्युलर एक्सप्रेशन (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) मोठं असेल तर त्याच्या शेवटी एक्स मॉडिफायर, म्हणजे x हे अक्षर, लावून ते चार ओळींत, कॉमेंटसह लिहा. बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड लिहायच्या भाषेत, व्हेरिएबल अवतरण चिन्हांत ठेवा, नाहीतर फाइलच्या नावात मोकळी जागा (स्पेस) आली की त्याचे दोन तुकडे होतात. शेलचेक हे बॅशचा कोड तपासणारं साधन ही चूक लगेच दाखवतं. आणि बॅशची स्क्रिप्ट पन्नासेक ओळींच्या पुढे गेली, तर ती सरळ पायथनमध्ये न्या.

तुम्ही सुरुवात पायथननेच करा. पेप-८ ही तिची लेखनशैलीची नियमावली २००१ पासून आहे, ती एकदा पूर्ण वाचा. मग तुमची एखादी जुनी स्क्रिप्ट शेजारच्या मित्राला द्या, तोंडाने काहीही समजावू नका, आणि तो कुठल्या ओळीवर अडतो ते बघा. त्या ओळीतली नावं आधी बदला.